माटोळी उतरवल्यावर

पाचव्या दिवशी गणपती कुशावतीत गेले
आणि सहाव्या सकाळी
उल्हासने शिडी लावली.
दोनशे चौदा जिन्नस.
मोजायला मास्तर वही घेऊन आले होते.
तिसरं बक्षीस, भिंतीवरचं घड्याळ.
आता तेच जिन्नस केवणीच्या दोरीसकट
काळ्या पिशवीत उतरत होते,
कारण साडेदहाला नगरपालिकेचा टेम्पो.

मी चंदगडची. आमच्याकडे गणपतीवर
कागदाची झुरमुळं असत,
पुढच्या वर्षी तीच झटकून लावत.
मी पिशवीचं तोंड धरून ठेवलं.
वरच नीरफणस होता, देठाशी चीक वाळलेला.
देवकी वेळीपने तो गावडोंगरीहून आणला होता,
पहिल्या बसने, मांडीवर घेऊन,
तिकीट न काढलेल्या पोरासारखा.

तिला फोन लावला.
यातलं काय काय खाता येतं गं?
पलीकडे एक कोंबडी बराच वेळ ओरडत राहिली.
मग देवकी हसली.
"बाये, आमी तें खातात. तुमी उमकळायतात."
उमकळायतात, म्हणजे टांगता.

मग सांगत गेली, मी कॅलेंडरच्या मागे लिहीत गेले.
नीरफणसाच्या कापा पातळ कर,
हळद, तिखट, रव्यात घोळ, कडेने तेल.
करमलं आडवी काप, चांदण्या पडतील,
त्या मिठात मुरव, मोहरी फेसून घाल.
आंबाड्याचं सासव. गूळ जरा जास्तच,
पहिल्यांदा करतेस ना.
तोरिंगाची साल टाकू नको,
आतला पांढरा कापूस तीनदा उकळ, पाणी फेक,
कडू निघून जातं. सगळं नाही जात. तेवढं राहू दे.
दालचिनीची डहाळी सावलीत सुकव,
पान भाताला, काडी चहाला.
बिमलं आज नको,
रविवारी सुंगटं आणशील, तेव्हा.

आणि हे लाल? केवढं देखणं आहे.
"तें कवंडळ. हात धू आधी."
विखारी? मग टांगायचं कशाला?
"देवान फकत खावपाचेंच केलां व्हय?"

कोंबडी पुन्हा ओरडली. ती ठेवते म्हणाली, ठेवलं नाही.
म्हणाली, ही झाडं बारा महिने हिरवी ना,
तोच त्यांचा घात आहे.
सावर बघ, पान झडलं की सगळ्यांना कळतं
आता हिच्यापाशी काही नाही.
करमल रोज गाळतं, दोन पानं, चार पानं,
कुणी बघत नाही,
म्हणून कुणीही येतो, ओढतो, म्हणतो, आहेच की.
औंदा ओहोळाकाठच्या करमलाची
अख्खी फांदी मोडून नेली कुणीतरी.
तीन फळांसाठी.

मी विचारलं नाही
आमच्या माटोळीला किती करमलं होती.
तीन होती.

टेम्पो आला तेव्हा पावणेअकरा वाजले होते,
बक्षिसाच्या घड्याळात दहा चाळीस.
कायतान फाटकाशी उभा राहून नाक वर करत होता.
त्याला दोन कापा दिल्या, कागदावर, गरम.
त्याने थर्मोकोल नेला, चमकीचे हार नेले,
पिशवी उचलून बघितली आणि म्हणाला,
"इतलेंच?"

आंब्याचे टाळे अळवाच्या मुळाशी घातले.
सुपारीचा कातरो उल्हासने ठेवून घेतला,
कशाला ते त्याचं त्याला ठाऊक.
सासव मोहरीने जरा कडवट झालं.
त्याने दोनदा वाढून घेतलं
आणि बक्षिसाबद्दल काही बोलला नाही.

संध्याकाळी रिकाम्या चौकटीला
मी कवंडळ परत बांधलं, एकटंच.
गाठ बसेना. केवण ओली होती,
बोटांना मोहरीचा वास,
आणि खालून शेजारच्या सुलक्षाचा पोरगा विचारत होता,
हें कितें, हें खावंक जाता?